मामीची दहा बोटं

विमानतळाबद्दल मला कोणी काही शिकवू नये. रोहा तालुक्यातली निम्मी माणसं मी परदेशी पाठवली आहेत. दुबई, मस्कत, कुवेत, दोहा. एक तर थेट न्यूझीलंडला गेला. तिथून दोन पावलं पुढे टाकली की म्हणे पृथ्वीची कड लागते. मी जीपवाला. सव्वीस वर्षं रोह्याहून मुंबईच्या विमानतळावर गाडी नेली. कुठल्या दारासमोर किती वेळ उभं राहू देतात, शिट्टीवाला हवालदार कुठल्या खांबामागे असतो, आत जाणाऱ्याच्या आईला रडू कितव्या मिनिटाला फुटतं, सगळं पाठ. विमानतळाच्या काचेच्या दारापर्यंतचं सगळं जग मला पाठ.

दाराच्या आत मात्र मी कधी गेलो नव्हतो. हे मी कोणाला सांगत नसे, आणि कोणी विचारतही नसे. जो माणूस महिन्यातून आठ वेळा विमानतळावर जातो त्याला 'तू आत गेला आहेस का' असं विचारायचं धाडस कोण करणार?

आमच्याकडे एक माणूस परदेशी निघाला की त्याला पोचवायला किमान चौदा माणसं लागतात. कमी आली तर जाणाऱ्याची इज्जत जाते. माझी जीप नऊ जणांची. तीत एकदा बावीस माणसं आणि एक बोकड होता. बोकड परत आणला. मी खोटं बोलत नाही. पेणचा पोह्याचा पापड कढईत टाकला की दुप्पट होतो, म्हणून त्याला कोणी खोटारडा म्हणतं का? पापड तोच असतो. माझंही तसंच आहे.

तर एवढा जाणकार घरात असल्यावर मेहुणीचा फोन दुसऱ्या कोणाकडे येणार? मेहुणी, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, इंग्लंडात नर्स. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने तो पाण्यात आणि ही जमिनीवर. संसार कसा चालायचा कोण जाणे, पण चालला होता, कारण पौष लागायच्या आधी तिनं कळवलं की दिवस गेले आहेत, गुढीपाडव्याच्या सुमाराला मोकळी होईन, आणि नवरा नेमका तेव्हा कुठल्यातरी समुद्रात असेल. दुसऱ्यांची शेकडो बाळंतपणं केलेली पोरगी फोनवर म्हणाली, "भाऊजी, काही करा, पण आयेला इकडे पाठवा. मी एकटी आहे."

मी म्हटलं, "झालं समज. तुझी आई म्हणजे काय, एक सुटकेस. ती मी दारापर्यंत नेली की तुझ्या दारात पोचलीच."

बोलून बसलो.

माझी सासू. आमच्यात सासूला मामी म्हणतात. पेणच्या पलीकडे खाडीकाठी तिचं गाव, आणि परकर नेसायची तेव्हापासून ती मिठागरात. चिखल तुडवायचा, वाफे चोपायचे, खारं पाणी आत घ्यायचं, ऊन पिऊ द्यायचं, आणि मीठ धरलं की लाकडी फावड्यानं ओढून ढीग लावायचा. पन्नास हंगाम तरी झाले असतील. मामीच्या हातांबद्दल काय सांगू? चुलीवरचं पातेलं ती फडक्याशिवाय उतरवते. एकदा माझ्या जीपच्या रेडिएटरचं झाकण अडकलं, पाना वाकला, मेकॅनिकनं हात टेकले. मामीनं दोन बोटांनी फिरवलं आणि वर विचारलं, "यवढंच व्हतं?"

आणि स्वभाव हातापेक्षा कडक. लेकीच्या घरी जेवायचं नाही हा तिचा नेम. लग्नाला वीस वर्षं झाली, नातू कॉलेजात गेला, पण रोह्याला आली की ओट्यावर बसायची, पिशवीतली स्वतःची भाकरी खायची, फार तर पाणी घ्यायची आणि जाताना त्या पाण्याबद्दल दोन पेंढ्या मुळा ठेवायची. मला कायम 'जावयबापू' आणि 'अहो'. इतकं अंतर ठेवून की जणू मी जावई नसून प्रांतसाहेब आहे.

पासपोर्ट तिचा होता. मेहुणी गेली तेव्हाच हौसेनं काढून ठेवला होता, भाद्रपदात, गणपती गेल्यावर. हे महत्त्वाचं आहे, पण तेव्हा आम्हांला ते महत्त्वाचं आहे हे कळलं नाही.

फॉर्म भरायला रोह्यात एक कॉम्प्युटरवाला होता. त्यानं विचारलं, "पूर्वी परदेश प्रवास?"

मामी म्हणाली, "होडीनं रेवसला गेलेलू."

"आजी, परदेश."

"मंग? खाडी वलांडली ना!"

त्यानं 'नाही' लिहिलं. मामी त्याच्यावर आठवडाभर रुसून होती.

मुंबईत ते बोटांचे ठसे घेण्याचं ऑफिस. व्हिसा हवा तर तिथे जाऊन काचेवर दहा बोटं ठेवायची आणि फोटो काढायचा. बाकी कागद पुढे साहेब बघणार. आत फक्त अर्जदाराला सोडत होते. मी दारावर छाती काढून सांगितलं, "मी दुभाषा आहे. यांची भाषा फार अवघड, खाडीकाठची, देशात दोनशे लोकांना येते." सोडलं. काउंटरवरची मुलगी निघाली डोंबिवलीची. तिनं अस्खलित मराठीत विचारलं, "या, आजी, बसा. प्रवासानं दमलात का?" मी मग शेजारी नुसता दुभाष्यासारखा उभा राहिलो.

"उजव्या हाताची चार बोटं ठेवा."

मामीनं ठेवली. लाल दिवा.

मुलीनं काच पुसली. पुन्हा. लाल. ओल्या फडक्यानं बोटं पुसली. लाल.

"आजी, जरा दाबून."

मामीनं दाबलं. यंत्रातून कुर्रकन आवाज आला, मुलगी खुर्चीतून उठली. "एवढं नाही, एवढं नाही!"

मग तिनं मामीचा पंजा हातात घेऊन उलटा केला. मीही पहिल्यांदा नीट पाहिला. बोटांची टोकं गुळगुळीत, पांढरट, खाडीतल्या गोट्यांसारखी. मधेमधे काळ्या भेगा. रेषा म्हणून एक नाही.

"आजी, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत हो."

"पोरी, रेषा मिठानं खाल्ल्या," मामी म्हणाली. "त्याला काय झालं? तोंड बघ की माझा. तोंड तर माझाच हाय."

मुलगी हसली, पण नियम काही हसेना. तिनं आतून वरच्या बाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि समजावून सांगितलं: बोटं कापलेली, फुटलेली असली तर बरी होईपर्यंत थांबावं लागतं. तीन आठवड्यांनी पुन्हा या. तोवर हाताला काम नाही. मिठाचं नाही, भांड्यांचं नाही, मातीचं नाही.

मी हिशोब केला. तीन आठवडे हे, मग व्हिसा यायला तीन-चार आठवडे, फाल्गुन संपतोच. तेव्हा ठसे उमटले तर मामी बाळाच्या आधी पोचणार. नाही उमटले तर पुढची तारीख कधीची, आणि मेहुणी तिकडे एकटी.

परतीच्या वाटेवर पनवेल गेलं. पेण आलं. तिला उतरवायला मी गाडी बाजूला घेतली तेव्हा म्हणाली, "जावयबापू, पोरीला काय सांगू नका. भियाल ती." आणि मग आपल्या हातांकडे असं पाहिलं, जसं फितूर झालेल्या चाकराकडे पाहावं.

गावात तिला ठेवलं तर ती हात रिकामे ठेवणार नाही हे माझ्या बायकोला पक्कं माहीत. हंगाम नुकता धरलेला, ढिगांवर मीठ चढतंय, आणि मामी बांधावर बसून बघत राहील? मावळतीला सूर्य उगवेल. बायको जाऊन आईला उचलूनच घेऊन आली. म्हणजे तीन आठवडे जावयाच्या घरी राहायचं, जावयाच्या घरी जेवायचं. मामी आली ती डोक्यावर मिठाची गोणी घेऊन.

"हे काय मामी?"

"तुमच्या घरचा मीठ मी खायची नाय. माझा मीठ घालायचा जेवनात. मंग खाईन."

गोणी इतकी मोठी की आमच्या घरात त्या मिठाचं लोणचं घालायला पेण तालुक्यातल्या सगळ्या कैऱ्या लागल्या असत्या. पण नेम वाकला, मोडला नाही. मामी जेवायला बसली.

आता इलाज. आमच्या शेजारची चाची, तिची तीन मुलं आखातात. व्हिसा, मेडिकल, शिक्के यांत रोह्यात माझ्यानंतर तिचाच नंबर. ती म्हणायची तिच्यानंतर माझा. तिनं मामीची बोटं पाहिली, पान तोंडात सरकवलं आणि विचारलं, "पासपोर्टाला ठसे दिले तवा बरे आले व्हते?"

"पटापट आले," मी म्हटलं.

"कंच्या महिन्यात?"

"भाद्रपदात."

चाचीनं कपाळावर हात मारला. "अरे, तू काय जीपच चालव! भादव्यात मिठागर बंद, पावसानं हात भिजून नवी कातडी आलेली. तवा रेषा व्हत्या. आता हंगामात कुठून येतील? पोहे भिजायला घालशील तवा फुलतील ना!"

मग तिनं घरातून कोकमतेल आणलं. कोकणात टाचा फुटल्या, ओठ फुटले की हेच. नाव तेल, पण असतो मेणासारखा पिवळट गोळा. हातावर चोळला की वितळतो. दिवसातून चार वेळा लावायचं, वरून प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायच्या, मनगटाला रबर. मामी आमच्या ओट्यावर दोन्ही हातांत पिशव्या घालून बसायची. येणारेजाणारे विचारायचे, भाजलं का? मामी म्हणायची, "नाय. बोटं पिकाया घातल्यान."

मला वाटलं होतं तीन आठवडे म्हणजे काय. पण काम करणाऱ्या बाईला काम न करू देणं यासारखं कष्टाचं काम नाही. पहिल्याच सकाळी ती चाचीच्या मागल्या दारी राखेनं कढई घासताना सापडली. चाची वरून उभी राहून ओरडतेय, "सोडा हो, सोडा, तुमची लेक अडकंल तिकडं!" आणि मामी म्हणतेय, "यवढी एक व्हऊ दे गो." दुसऱ्या दिवशी तिनं पिशव्यांसकट लसूण सोलला. तिसऱ्या दिवशी मी घरातला झाडू, सूप, विळी, घासणी सगळं जीपमध्ये भरून कुलूप लावलं. चौथ्या दिवसापासून भांडी कोणी घासली, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की जीपवाल्यांच्या स्टँडवर मला महिनाभर 'वहिनी' म्हणत होते.

शेजारीपाजारी थंडीतली पोपटी लागली, मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून, मडकं उपडं करून भोवती जाळ. तिथेही मामी पिशव्या घालून. चाची शेंगा सोलून तिच्या तोंडात घालतेय आणि मामी चावता चावता म्हणतेय, "असा नवरीसारखा मना लग्नात पन कोन भरवला नाय."

बायको अंगणवाडीत, तिच्याकडे शिक्क्याचं शाईचं पॅड असतं. ती रोज सकाळी आईचा अंगठा जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर उठवायची. पहिल्या दिवशी नुसता निळा डाग. पाचव्या दिवशी डाग. नवव्या दिवशी मी चष्मा पुसला. डागाच्या कडेला दोन बारीक पांढऱ्या वाकड्या रेघा. भरती ओसरायला लागली की आधी बांधांचे माथे वर येतात, तशा. मी ओरडलो, चाची धावत आली, समोरचा पिठाच्या गिरणीवाला गिरणी बंद करून आला. दहाव्या दिवशी पाच रेघा. चौदाव्या दिवशी अंगठ्याचं अख्खं मिठागर, वाफ्यांसकट.

मामी तो कागद हातात धरून बराच वेळ बघत बसली. "अगो," म्हणाली, "ही माझी रेघ व्हय? मी कंदी बघली नाय."

सोळाव्या दिवशी पौर्णिमेचं उधाण. सकाळी मी मुरूडचं भाडं सोडून आलो तर ओटा रिकामा. बायको रडकुंडीला आलेली. गावाहून फोन आला होता: उधाणाच्या भरतीनं बांधाला खांड पडली. खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड. ती पुढच्या भरतीच्या आत बुजवली नाही तर खाडी सरळ मिठागरात, तिथून भातखाचरात, आणि सगळ्या गावाचा हंगाम खाऱ्या पाण्यात. खांड पडली की घराघरातलं माणूस चिखल द्यायला धावतं. घरात बसतो तो गावातला नव्हे. मामीनं फोन ऐकला आणि बायको अंगणवाडीची किल्ली शोधत होती तेवढ्यात पायांत चपला सरकवून स्टेशन गाठलं. दिव्याकडची, पेणवरून जाणारी गाडी तिला मिळाली.

मी जीप अशी हाणली की नागोठण्याला पोचलो तेव्हा माझं वय दहा वर्षांनी कमी झालं होतं. पुढे गडब गावात एका टपरीवाल्यानं हात केला, मी थांबलो नाही. त्याच्या भज्यांवर धूळ उडवल्याबद्दल तो अजून बोलत नाही. डोक्यात एकच. चिखलात दगड असतात, शिंपले असतात. एक तास चिखल दिला की सोळा दिवसांची बोटं गेली. पाच दिवसांवर तारीख. मेहुणीला काय तोंड दाखवू?

खाडीवर पोचलो तेव्हा दोनशे माणसं कमरेइतक्या चिखलात. हातोहात चिखलाचे गोळे चाललेले, बायका, बाप्ये, म्हातारे. आणि बांधाच्या उंचवट्यावर माझी सासू. दोन्ही हात डोक्याच्या वर ताठ धरलेले, हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, मनगटाला रबर, जणू पोलिसांनी बंदूक रोखली आहे. आणि तोंड! तो आवाज पलीकडच्या काठावर ऐकू जात होता.

"आरं डावीकडं दे, डावीकडं! खाली पेंढा टाक आदी! ए, तू काय चिखल देतंस का वासरू कुरवालतंस? आजून आन, आजून!"

मी धापा टाकत जवळ गेलो. "मामी, हात..."

"हात हायत तसंच हायत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तिची बोटं पिशवीच्या आत वळवळत होती, टोपलीतल्या चिंबोऱ्यांसारखी. डोळ्यांत पाणी. "पन्नास वरसांत खांडीवर कंदी हात बांधून उभी नाय रायली. लोकं काय म्हनतील?"

"लोकांना माहीत आहे, मामी."

"ते माहीत हाय. मनाच नाय सोसत." मग तिनं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा ती 'जावयबापू' म्हणाली नाही, 'अहो' म्हणाली नाही. म्हणाली, "आनि तू काय उभा हायस रं? तुला हात नाय? माझ्या घरचा गोला तू दे!"

मी उतरलो. इस्त्रीचा शर्ट, नवी चप्पल, सगळ्यासकट. चप्पल अजून तिथेच आहे. त्या बांधाच्या मजबुतीत तिचा वाटा आहे. भरती वर चढायच्या आत खांड बुजली. गावकरी सांगतात मी तासाभरात दमून बसलो. त्यांची मोजणी चुकते. माझ्या तळहातांवर इतके फोड आले की त्या दिवशी मला कुठल्या देशानं व्हिसा दिला नसता.

संध्याकाळी परतताना मामी शेजारच्या सीटवर. मी स्टिअरिंग मनगटांनी धरलेलं. ती पिशव्या काढून बोटं तपासत होती. उजव्या करंगळीला ओला चिखल. मी पाहिलं. तिनं पाहिलं की मी पाहिलं.

"नाकाला खाज आली व्हती," ती म्हणाली.

"पिशवी काढून?"

"पिशवीतून खाजवता येते का?"

"मग चिखल नाकावर हवा होता, मामी."

"एक गोला," ती म्हणाली. "एकच. लहान व्हता. तुझ्या मेवनीला सांगशील तर बघ."

तारखेला पुन्हा ते ऑफिस. तीच डोंबिवलीची मुलगी. मी दारावर पुन्हा दुभाषा झालो. रखवालदारानं या वेळी मला नमस्कार केला. उजव्या हाताची चार बोटं. लाल. मुलीनं फडक्यानं पुसलं, म्हणाली, "आजी, फक्त करंगळी येत नाहीये." मामीनं माझ्याकडे पाहिलं नाही. कमरेच्या केळ्यातून, म्हणजे लुगड्याच्या खोचलेल्या घडीतून, कोकमतेलाचा इवलासा गोळा काढला, करंगळीला चोळला, लुगड्याला पुसली, फुंकर मारली आणि ठेवली.

हिरवा.

डावी चार. हिरवा. दोन अंगठे. हिरवा. सगळ्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. बरं, टाळ्या मी एकट्यानं वाजवल्या, पण फोडांच्या हातांनी वाजवल्या, म्हणजे शंभर माणसांच्या टाळ्यांएवढ्याच त्या.

व्हिसा शिमग्याच्या आदल्या दिवशी आला. पुढच्या आठवड्यात दुपारचं विमान. मामीला पोचवायला किती माणसं असतील? माझी जीप आणि मागून टेम्पो. अख्खी मिठागराची पाळी, म्हणजे मामीबरोबर राबणारी सगळी माणसं, आली होती, खांडीवरच्या चिखलाच्या गोळ्याचं देणं फेडायला. सामानात डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सुके वाल, पोह्याचे पापड, आणि चाचीनं दिलेली बाळाची टोपी. वजन जास्त भरलं तर काय, म्हणून चाचीनं वरचं अर्धं सामान पोचवायला आलेल्यांत वाटून टाकलं. लाडू आम्ही तिथेच खाल्ले.

मेहुणीनं तिकडून चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती, म्हणजे म्हातारं माणूस आत चुकत नाही, ढकलणारा बरोबर विमानाच्या दारापर्यंत नेतो. खुर्ची आली. मामीनं पाहिली. "मी पांगली हाय का?" तिनं आपली पिशवी खुर्चीत ठेवली, ढकलणाऱ्या पोऱ्याला म्हणाली, "तू चल पुढं, वाट दाखव," आणि स्वतः खुर्ची ढकलत काचेच्या दारातून आत गेली. मागे वळून फक्त दोन्ही पंजे दाखवले. दहाच्या दहा.

आम्ही काचेला नाकं लावून उभे. हवालदारानं शिट्टी मारली. मी त्याला म्हटलं, "मार, सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा मला आत जावंसं वाटतंय."

पुढचं मामीनंच सांगितलेलं, चार महिन्यांनी परत आल्यावर. आत तपासणीला तिच्या केळ्यातून तेलाचा गोळा निघाला. "ये क्या है?" "तेल." "तेल नहीं चलेगा, पतला चीज मना है." मामीनं तो गोळा त्याच्या टेबलावर टक्‌कन आपटला. पातळ कुठे आहे? त्यानं उचलून पाहिला, वास घेतला, साहेबाला दाखवला, आणि परत दिला.

उतरल्यावर तिकडच्या नाक्यावर गोऱ्या साहेबापुढे पुन्हा बोटं. विमानातल्या कोरड्या हवेनं हात सुकलेले. लाल. मागे रांग. मामी म्हणते, "मी बिलकुल भ्याली नाय." तिनं गोळा काढला, चोळला, पुसला, फुंकर मारली. साहेब बघत राहिला. हिरवा. मी इंग्रजीत लिहून दिलेला कागद तिनं सरकवला, 'मी आई आहे, लेक बाळंत होणार आहे.' साहेबानं वाचला, शिक्का मारला. त्याची स्वतःची बोटं थंडीनं फुटली होती, म्हणून मामीनं त्याला अर्धा गोळा दिला, आणि तो उठून उभा राहिला. हे मी फुगवलेलं नाही. हे मामीनं फुगवलंय. गुण आमच्यात सासुरवाडीकडून आलेला आहे.

मामी पोचली आणि नवव्या दिवशी मेहुणीला मुलगी झाली. दवाखान्यात लेकीच्या डोक्याशी मामी होती, आणि बाळ पहिल्यांदा तिच्याच हातात दिलं. हे सांगताना मामी आमच्या ओट्यावर बसली होती. या खेपेला मिठाची गोणी आणली नव्हती, माझ्याच घरचं जेवली होती, आणि त्याबद्दल मुळा-बिळा काही ठेवला नाही.

"माझ्या पोरी लहानपनी म्हनायच्या, आये, हात नको लावू, टोचतंय," ती म्हणाली. "ही बिलकुल रडली नाय. हातात घेतली तर झोपूनशी गेली."

बायको आत निघून गेली. चाचीनं पान सरकवलं. मला काही फुगवावंसं वाटलं नाही.

दिवाळी झाल्यावर मामी पुन्हा मिठागरात. आम्ही म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, "मऊ हातांना फावडा टोचतंय. त्यांना वलन लावाया नको?" माघापर्यंत बोटं होती तशी झाली. रेशनच्या दुकानातलं यंत्र आता तिला बघूनच लाल होतं. शाईचा कागद बायकोनं कपाटात जपून ठेवलाय.

परवा मेहुणीचा फोन आला. दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. मामीनं फोन हातात घेतला आणि सगळ्यांच्या देखत पंचांग सोडवलं.

"आयक गो. ज्येष्ठ-आषाढात नको, लावनी असते. श्रावनात भात निंदायचा असतोय. भादव्यात गनपती, ते दिवस सोडून. अश्विनात कापनी सुरू होते. तर गनपती गेल्यावर, नि कापनीच्या आदी. तवा माझ्या हाताला काम नसतंय. त्या टायमाला बोटं बी येतात नि मी बी येते. मधे तीन आठवडे हायत. त्यात बसव."